आमिश मुलखातला मुक्काम: आधी रस्ता बघा, मग पोहण्याचा तलाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या सहलींवर लेख येऊ लागतात आणि त्यांत पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर परगण्याचा, म्हणजे मोटार-वीज टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मुलखाचा, उल्लेख हमखास असतो. घोडागाड्या येतात, गोधड्या येतात, काकवीचा 'शूफ्लाय पाय' (pie) हा गोड पदार्थ येतो. राहायचे कुठे, हा प्रश्न मात्र 'परिसरात भरपूर कॅम्पग्राउंड आहेत' एवढ्यावर वाटेला लावला जातो. (कॅम्पग्राउंड म्हणजे तंबू, लाकडी केबिन आणि आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या, यांच्या मुक्कामाची जागा.) न्यू जर्सीतल्या एडिसनकडून किंवा वॉशिंग्टनहून ही सहल सुमारे १२० मैलांची, फिलाडेल्फियाहून ७० मैलांची. त्यामुळे तिथली मराठी कुटुंबे, आणि भारतातून मुलांकडे आलेले आई-वडील, लाँग वीकेंडला तिकडे जातात. सहल फसते ती बहुतेक वेळा मुक्कामाच्या जागेमुळे. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

आधी नकाशा. लँकेस्टर शहरातून पूर्वेला दोन रस्ते निघतात. दक्षिणेचा रूट ३०: रुंद, आउटलेट मॉल आणि हॉटेलांनी भरलेला, ट्रकांचा. उत्तरेचा रूट ३४०, म्हणजे जुना फिलाडेल्फिया पाइक: स्मोकटाउन, बर्ड-इन-हँड आणि इंटरकोर्स ही गावे याच्यावर आहेत. दोन्हींना उभा छेद देणारा रॉन्क्स रोड, आणि ३० च्या दक्षिणेला रूट ८९६ व ७४१ यांच्या तिठ्यावर स्ट्रासबर्ग. माणसे जे बघायला येतात ते बहुतेक सगळे या छोट्या पट्ट्यात आहे: नांगराला जुंपलेली खेचरे (इथे शेतीकामाला घोड्यांपेक्षा खेचरेच जास्त), दारात 'अंडी मिळतील' अशी हाताने रंगवलेली पाटी, दोरीवर वाळणारे गडद निळे-जांभळे कपडे.

पण 'आमिश कंट्री' हे शब्द जाहिरातीत लावणारी कॅम्पग्राउंड उत्तरेच्या जंगली टेकड्यांपर्यंत, २०-२५ मैलांवर पसरलेली आहेत. (हा शब्द मराठी कानाला 'आमिष' असाच ऐकू येतो. जाहिराती वाचताना ते ध्यानात ठेवलेले बरे.) कागदावर २० मैल काहीच नाहीत. या रस्त्यांवर घोडागाडीच्या मागे अडकत, चौकाचौकात थांबत तेवढ्याला पाऊण तास लागतो. सकाळी एक फेरी, दुपारी आजी-आजोबांना विश्रांतीसाठी परत, संध्याकाळी पुन्हा बाहेर, असे केले तर दिवसाचे तीन तास गाडीतच जातात. या लांबच्या जागा वाईट नव्हेत. झाडी दाट, तलाव मोठा, मुलांसाठी घसरगुंड्या आणि दर शनिवारी काहीतरी कार्यक्रम. मुले पाच ते बारा वर्षांची असतील आणि आमिश शेते ही एका दुपारची गोष्ट असेल, तर तेच निवडा. मात्र शेते बघायलाच जात असाल तर तलावाचा मोह सोडून ३४० आणि स्ट्रासबर्ग यांच्या मधली जागा शोधा.

त्या पट्ट्यातही जागेजागेत फरक आहे. ओल्ड मिल स्ट्रीम हे कॅम्पग्राउंड रूट ३० वर डच वंडरलँड या लहान मुलांच्या पार्कला लागून आहे. पार्क हाच मुख्य बेत असेल तर त्याहून सोयीचे काही नाही. फ्लोरीज रॉन्क्स रोडवर, ३० आणि ३४० यांच्या मधोमध. मिल ब्रिज ३० च्या दक्षिणेला, स्ट्रासबर्गच्या वाटेवर. सरकारी पार्कच हवे असेल तर बर्क्स आणि चेस्टर परगण्यांच्या सीमेवरचे फ्रेंच क्रीक स्टेट पार्क आहे. जंगल सुंदर, शेजारीच हॉपवेल फर्नेस ही जुनी लोखंडाची भट्टी जतन केलेली. पण इंटरकोर्सपासून ते पाऊण तासावर पडते. पेनसिल्वेनियाच्या स्टेट पार्कांचे आरक्षण ११ महिने आधी उघडते, आणि ऑक्टोबरच्या रंगीत पानांचे शनिवार-रविवार लवकर संपतात.

आरक्षण करण्यापूर्वी उपग्रहाचा नकाशा उघडून तीन रेषा शोधा. पहिली रूट ३०. तिच्यापासून २००-३०० मीटरवरचा तंबू म्हणजे रात्रभर ट्रक. दुसरी रेल्वे. हॅरिसबर्ग-फिलाडेल्फिया हा अॅमट्रॅकचा विजेवरचा मार्ग रॉन्क्स, गॉर्डनव्हिल आणि पॅरडाइजमधून जातो आणि त्यावरच्या गाड्या वेगात असतात. स्ट्रासबर्गची वाफेची गाडी (कंपनी १८३२ची) वेगळी. तिची शिट्टी दिवसाच वाजते आणि ती कोणाला खुपत नाही. तिसरी रेषा ओढ्याची. पीक्वे क्रीक आणि मिल क्रीकच्या काठच्या साइट (तंबू किंवा गाडीसाठी आखून दिलेल्या जागा) फोटोत सर्वांत देखण्या दिसतात आणि जुलै-ऑगस्टच्या वादळी पावसात सर्वांत आधी पाण्यात जातात. फोनवर सरळ विचारा, 'ही साइट पाण्याखाली जाते का?' बहुतेक ठिकाणी खरे सांगतात, कारण मध्यरात्री ट्रेलर हलवणे त्यांनाही नको असते.

शेताकाठी राहणार असाल तर आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. आमिश घरात कंपनीची वीज नाही, म्हणजे सगळीकडे निःशब्द शांतता, असे नसते. दूध काढायची यंत्रे आणि दूध थंड ठेवायच्या टाक्या डिझेल इंजिनावर चालतात. गोठा शेजारी असेल तर पहाटे पाचच्या सुमारास ते धडधडू लागते. त्यात कोंबडे, खेचरांचे ओरडणे आणि डांबरावर नालांची टपटप. शिवाय वास. वसंतात पेरणीआधी आणि शरदात कापणीनंतर शेतात गोठ्याचे पातळ खत फवारतात. आपल्याकडच्या वाळलेल्या शेणखताच्या वासाशी त्याची तुलना नाही, ते डोळ्यांत जाते. मार्च-एप्रिलमध्ये तंबूत राहायचे असेल तर हे गृहीत धरून जा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र कापलेला तंबाखू कोठारांत उलटा टांगून वाळत असतो. निपाणीकडच्या वाचकाला तो वास लगेच ओळखू येईल.

आता दिवस, कारण तिथे जागेइतकाच वार महत्त्वाचा. नेहमीचा बेत शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ असा असतो आणि त्यातला निम्मा वेळ वाया जातो. रविवारी आमिश काहीच विकत नाहीत. भाजीची टपरी, गोधडीचे दुकान, बेकरी, सगळे बंद. इंटरकोर्सचे किचन केटल व्हिलेजही बंद. एफ्राटाचा ग्रीन ड्रॅगन बाजार फक्त शुक्रवारी, मॅनहाइमजवळचा रूट्स बाजार फक्त मंगळवारी, लँकेस्टरचे सेंट्रल मार्केट मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी. गुरुवारी रात्री पोहोचून शनिवारी रात्री निघालात तर हातात दोन पूर्ण दिवस येतात, आणि गुरुवारी साइटही सहज मिळते. मेमोरियल डे, ४ जुलै आणि लेबर डे या सुट्ट्यांना बहुतेक ठिकाणी तीन रात्रींची अट असते, म्हणजे रविवारचेही पैसे जातात. रविवारी पाहण्यासारखे एकच, आणि ते लांबून: घराघरांत भरणाऱ्या प्रार्थनेला निघालेल्या राखाडी टपाच्या गाड्यांची रांग. (ओहायोतल्या होम्स परगण्यात हे टप काळे असतात.) लँकेस्टरचे आमिश ११ ऑक्टोबरला उपवास पाळतात. त्या दिवशी, तसेच ईस्टर सोमवारी आणि ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी येणाऱ्या असेन्शनच्या (येशूच्या स्वर्गारोहणाच्या) गुरुवारीही त्यांची दुकाने बंद असतात. ११ ऑक्टोबर नेमका पानांच्या रंगांच्या दिवसांत येतो, म्हणून अनेक जण बंद दारे बघून परततात.

तंबू, केबिन की आरव्ही? आई-वडील सोबत असतील तर केबिन, यात वाद नाही. वाद 'केबिन' या शब्दाचा आहे. साध्या 'कॅम्पिंग केबिन'मध्ये चार भिंती, एक दुहेरी पलंग, दोन बंक (एकावर एक पलंग), एक दिवा आणि बहुधा एक पंखा किंवा एसी असतो. संडास नसतो, नळ नसतो. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन खडीच्या वाटेवरून १०० मीटर चालायचे, हे गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसाला सांगून पाहा. 'डीलक्स' किंवा 'कॉटेज' म्हटले तर आत न्हाणीघर असण्याची शक्यता जास्त, पण गृहीत न धरता विचारावे: आत संडास आहे का, दारात पायऱ्या किती, खालचा पलंग किती, चादरी-उशा मिळतात का. शेवटच्याचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असते. केबिनमध्ये स्वयंपाकाला अनेक ठिकाणी मनाई असते. मनाई नसली तरी फोडणी बाहेरच द्या. धुराचा अलार्म मोहरी तडतडण्याची वाट बघत नाही, आणि लाकडी भिंतीत मुरलेल्या वासाचे सफाईशुल्क वेगळे लागते.

बाहेरच्या शेगडीबद्दलही एक सूचना. आपल्या घरांतून जी चपटी, ब्युटेनच्या डब्यावर चालणारी शेगडी नेतात ती जुलैत उत्तम चालते. ऑक्टोबरच्या पहाटे तापमान शून्याच्या जवळ उतरले की ब्युटेन वायूच होत नाही आणि ज्योत मलूल पडते. चहाला अर्धा तास लागतो. थंडीत एक पौंडाच्या प्रोपेनच्या नळकांड्यावरची शेगडी घ्या. ती विझली म्हणून तंबूच्या किंवा केबिनच्या आत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तंबूवाल्यांनी साइटचा पृष्ठभाग विचारावा. बऱ्याच साइट आरव्हीसाठी खडी टाकून दाबलेल्या असतात. तंबूसोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्या तिथे वाकतात किंवा मोडतात. ८-१० इंची लोखंडी खुंट्या आणि छोटा हातोडा न्या. शेताकडेच्या साइटना सावली कमी. दुपारी तंबू भट्टीसारखा तापतो, पण पाऊस थांबला की लवकर वाळतोही. जंगलातल्या साइटचे याच्या उलट, आणि तिथे गोचिडी.

गोचिडीबद्दल हलगर्जी नको. तिच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे रुग्ण सर्वाधिक आढळणाऱ्या राज्यांत पेनसिल्वेनिया वरच्या रांगेत आहे. मे ते जुलैमध्ये फिरणारे तिचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि चावल्याचे कळतही नाही. पॅन्टचे पाय मोज्यांत खोचा, कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक आधीच फवारून वाळवा (त्वचेवर नाही), उघड्या त्वचेवर डीट (कीटकांना दूर ठेवणारे द्रव्य) असलेले मलम लावा. रात्री गुडघ्यामागे, काखेत, कंबरपट्ट्याखाली, मुलांच्या केसांत बघा. चिकटलेली सापडली तर टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, चुना, काडीचा चटका असले उपाय करू नका. जंतू अंगात शिरायला साधारण २४ तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून रोजची तपासणी उपयोगी पडते. कपडे कॅम्पग्राउंडच्या ड्रायरमध्ये जास्त आचेवर दहा मिनिटे फिरवले की त्यातल्या मरतात.

आरव्ही भाड्याने घेणाऱ्यांचा घोळ विजेचा असतो. ३० अँपिअरची साइट म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. छतावरचा एसी सुमारे १,५०० वॅट खातो, इंडक्शन शेगडी १,८००. एवढ्यावरच जेमतेम जागा उरते. त्यात कोणी गिझरचे विजेचे बटण दाबले की आणखी १,४०० वॅट आणि ब्रेकर पडतो. मग साइटच्या विजेच्या खांबापाशी जाऊन तो पुन्हा लावतात, तो पुन्हा पडतो, आणि दोष कॅम्पग्राउंडला दिला जातो. गिझर गॅसवर ठेवा, किंवा स्वयंपाक होईपर्यंत एसी बंद करा. ५० अँपिअरच्या साइटला हा हिशेब लागत नाही, पण तुमची गाडी ३० ची असेल तर ती घेऊन उपयोग नाही. तंबूच्या साइटवरचा २० अँपिअरचा सॉकेट २,४०० वॅटचा. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे लावू नका. तो पाव ताकदीने गुरगुरतो आणि चटणी होत नाही. चटणी घरून वाटून न्यावी.

पाण्याच्या नळाला दाब कमी करणारा छोटा रेग्युलेटर लावल्याशिवाय नळी जोडू नये. गाडीच्या आतली नळजोडणी फुटली तर अनामत रक्कम विसरा. मैल्याच्या टाकीचा खटका साइटवर सांडपाण्याची जोडणी असली तरी बंदच ठेवायचा आणि टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर उघडायचा. सुरुवातीपासून उघडा ठेवला तर पातळ वाहून जाते, घट्ट आत सुकून बसते. आधी मैल्याची टाकी रिकामी करा, मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते.

पिण्याच्या पाण्याचा मुद्दा फक्त तान्ह्या बाळांच्या घरांसाठी, पण महत्त्वाचा. हा चुनखडीचा, गुराढोरांचा आणि भरपूर खताचा प्रदेश आहे. इथल्या विहिरींत नायट्रेट जास्त सापडते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची अमेरिकी मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. कॅम्पग्राउंडच्या पाण्याची तपासणी होते, निकाल विचारता येतो. तरी सहा महिन्यांखालच्या बाळाचे दूध बाटलीबंद पाण्यातच कालवावे. आपल्याकडे 'उकळून घेतले की झाले' असे आजी सांगते. जंतूंसाठी ते खरे. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटते तसे ते दाट होते.

शेकोटीचे लाकूड घरून नेऊ नका. लँटर्नफ्लाय हा झाडांची नासाडी करणारा ठिपकेदार कीटक अमेरिकेत प्रथम २०१४ मध्ये शेजारच्याच बर्क्स परगण्यात सापडला आणि ओंडके, ट्रेलर, गाड्यांच्या तळाला चिकटलेल्या अंड्यांमधून पसरला. कॅम्पग्राउंडमध्ये किंवा जवळच्या टपरीवर जळण मिळते. परतताना गाडीच्या चाकांमागे आणि तंबूच्या पिशवीवर चिखलाचे वाळके फराटे दिसले तर खरवडून काढा. ती अंडी असू शकतात.

रस्त्यांविषयी. फोनवरचा नकाशा तुम्हाला मोटार समजतो आणि आरव्हीला छताच्या लाकडी पुलाकडे पाठवतो. परगण्यात असे दोन डझनांहून अधिक पूल आहेत. एसीसकट आरव्हीची उंची १०-१२ फूट, वजन काही टन; पुलावरच्या पाटीवरची उंची आणि वजन वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मागे वळायला तिथे जागा नसते, म्हणून पाटी दिसताच थांबा. वॉशिंग्टनकडून येताना बाल्टिमोरचे हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री बोगदे टाळा. आरव्हीतल्या प्रोपेनला तिथे बंदी आहे. शहराला वळसा घालणाऱ्या ६९५ या महामार्गाच्या पश्चिम बाजूने ८३ हा महामार्ग धरून यॉर्कमार्गे रूट ३० वर या.

आणि घोडागाडी. ती ताशी ८ मैलांच्या आसपास चालते. तुम्ही ५५ ने येत असाल तर १५० मीटरवरचा तिच्या पाठीवरचा केशरी त्रिकोण सात सेकंदांत तुमच्या बंपरपाशी येतो. चढाच्या पलीकडे नेहमी एक गाडी आहे असे समजून चालवा. हॉर्न वाजवू नका, घोडा बुजतो. पुढे जाताना पूर्ण दुसऱ्या लेनमधून जा आणि लगेच आत वळू नका. ३४० च्या कडेचा रुंद पट्टा हा घोडागाड्यांचा आहे. फोटोसाठी तिथे गाडी लावली तर घोड्याला ट्रकांच्या रांगेत यावे लागते. माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो तर घेऊच नयेत, ते त्यांच्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे. तुमची साइट शेताला लागून आहे म्हणून कुंपण ओलांडायची परवानगी मिळत नाही.

एकदा आरव्ही जोडली की ती फिरायला काढणे जिवावर येते, आणि सेंट्रल मार्केटजवळच्या बहुमजली पार्किंगमध्ये ती शिरतही नाही. म्हणून दोन कुटुंबांनी मिळून जावे, एकाने आरव्ही आणि दुसऱ्याने मोटार न्यावी. साइटवर किती माणसे चालतात ते मात्र आधीच ठरवून घ्या. बहुतेक दर दोन मोठे आणि त्यांची मुले असा असतो. आजी-आजोबांचे आणि संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांचेही वेगळे पैसे पडतात. शांततेची वेळ रात्री दहापासून. अंताक्षरी नऊला सुरू करा.

शाकाहारींनी 'पाय'च्या (pie) पापुद्र्यात डुकराची चरबी आणि नूडल्सच्या रश्श्यात कोंबडी आहे का, ते विचारावे. सांगायला कोणी कुरकुरत नाही. जुलैपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत टपऱ्यांवर त्याच सकाळी तोडलेली गोड कणसे मिळतात. टपरीवर अनेकदा माणूसही नसतो, फक्त पैशांचा डबा असतो, आणि त्यात कार्ड चालत नाही. एक-एक, पाच-पाच डॉलरच्या नोटा जवळ ठेवा.

आपला,
एक वाचक,
लँकेस्टर, पेनसिल्वेनिया